वहीत नसलेला निकाह

जुन्नर,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

अर्शिया,

सलाम. अकरा वर्षांनी लिहितो आहे. त्याचे कारण माया आहे असा समज करून घेऊ नकोस. कारण स्कॅनर आहे.

कॉलेजात असताना तू हट्टाने घरी आणलेला तो राखाडी स्कॅनर मी काल कपाटावरून खाली उतरवला. आपल्या मशिदीतील निकाहाच्या तिन्ही वह्या पुण्याची एक संस्था जतनासाठी नेणार आहे. चार नोव्हेंबरला त्यांचा माणूस येईल. वह्या एकदा गेल्या की परत येणार नाहीत. जमातीकडे उरतील त्या केवळ त्यांच्या प्रतिमा. अडतीस वर्षे वही माझ्याच हातची, म्हणून प्रतिमांचे काम माझ्याकडे आले.

जमातीचे नवे सचिव नुमान, तेच कापडदुकानवाले, मला म्हणाले, "चाचा, मोबाइलनं फोटो मारू. तासाभरात काम खल्लास." नमुना म्हणून त्यांनी एक पान टिपून दाखवले. पानावर त्यांच्याच डोक्याची सावली, ओळी कमानीसारख्या वाकलेल्या, आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या नावावर त्यांचा अंगठा. मी विचारले, "हा अंगठा साक्षीदाराचा समजायचा काय?" ते हसले. मला हसू आले नाही. ज्या पानावर दोन कुटुंबांनी ईश्वराला साक्षी ठेवून करार केला, त्याची प्रतिमा काढण्याची ही रीत नव्हे.

म्हणून वह्यांची शिवण उसवून पाने सुटी केली आणि स्कॅनर जमातीच्या नव्या डेस्कटॉपला जोडला. दिवा लागला. आतून ओळखीची घरघरही आली. आणि संगणक म्हणतो, उपकरण ओळखता येत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर गेलो तर तिथे लिहिलेले: या उत्पादनाचे आयुष्य संपले आहे. मी ते वाक्य तीनदा वाचले. समोर दिवा जळतो आहे, आत घरघर चालू आहे, आणि सातासमुद्रापार बसलेला कोणी कारकून त्याच्या मृत्यूचा दाखला देतो! आयुष्य देणारा एक आणि संपवणाराही तोच, असे आम्ही मानत आलो. हा अधिकार या लोकांना कोणी दिला?

तुझी आई पाठीमागे उभी राहून मी काय लिहितो ते वाचते आहे. तिचा प्रश्न लिहिल्यावाचून ती हलणार नाही, म्हणून लिहितो. ती म्हणते, "अर्शियाचे अब्बा, वह्या गेल्यावर माझ्या लेकीचं नाव मी कुठं शोधायचं? नात आठ वर्षांची झाली. तिच्या आईबापाचा निकाह जुन्नरच्या वहीला ठाऊकच नाही म्हणायचं का? चार तारखेआधी लिहा, नाहीतर कधीच लिहिलं जाणार नाही."

माझे उत्तर २०१४ साली कमिटीला दिले तेच आहे. मोहल्ल्यातील मुलीचा निकाह परगावी झाला, तर तिथल्या काझींची सहीची चिठ्ठी इथे येते आणि तीवरून नोंद होते. तुझा निकाह झाला त्या पेठहून चिठ्ठी आली नाही. चिठ्ठीविना मी कोणाचीही नोंद केलेली नाही. स्वतःच्या मुलीची केली असती, तर माझ्या बाकीच्या नोंदींना काय किंमत राहिली असती?

स्कॅनरबरोबर आलेली सीडीची तबकडी तू कुठे ठेवलीस, एवढेच कळव.

शौकत


जुन्नर,
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

अर्शिया,

तुझे उत्तर नाही. नागपूरहून पत्र यायला तीन-चार दिवस लागतात हे मी जाणतो. तरी नोंदवून ठेवतो.

तबकडी तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात सापडली. तिचा उपयोग शून्य, कारण नव्या संगणकाला तबकडी घालण्याची फटच नाही. जुन्या वस्तूंचे दरवाजे बुजवून टाकायचे आणि मग त्या आत येत नाहीत म्हणून त्यांना मृत ठरवायचे, अशी ही न्यायपद्धती आहे.

शेवटी उज्ज्वलाला बोलावले. एसटी स्थानकाजवळ दाखले काढून देण्याचे केंद्र चालवते ती. शाळेत तुझ्या दोन वर्षे पुढे होती, मराठीला माझ्याच वर्गात. तिने बाहेरून तबकडी वाचण्याचे यंत्र आणून जोडले. तेही व्यर्थ. म्हणाली, "सर, मशीनला कायबी झालेलं न्हाई. पन ह्याची बोली येगळी, नव्या कम्प्युटरची येगळी. मदी दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हनत्यात. कंपनीनं जुन्या कम्प्युटरपुरता दुभाषा दिला आन् हात झटकले."

"मग कंपनीला लिहा."

"सर, त्यांला लिवून काय व्हनार? तुमी श्राद्धाचं जेवान मागताय, ते म्हनत्यात मानूसच आमचा नव्हता."

या मुलीला मी निबंधात कमी गुण दिले होते. चूक माझी होती.

तिने एका पेन ड्राइव्हवर दुसरी कार्यप्रणाली आणली. संगणकात जे होते त्याला धक्का न लावता संगणक तिच्यावरून सुरू केला. सांगते, जगभरच्या अनोळखी माणसांनी ती आपखुशीने लिहिली आहे, आणि कंपन्यांनी टाकून दिलेल्या शेकडो यंत्रांचे दुभाषे त्यांनी आपणहून करून ठेवले आहेत. मोबदला नाही, नावही नाही. मला फार बरे वाटले. मुसाफिरांसाठी विहीर खोदून देणारे लोक अजून आहेत. संगणकाने स्कॅनरचे नाव अचूक दाखवले.

पण पान टिपण्याची आज्ञा देताच आतून असा आवाज आला, की दगडावर लोखंडी सळई घासावी. उज्ज्वलाने झटकन बंद केले. "झाकन उघडून बगू का?"

मी नकार दिला. झाकणावर मी स्वतः बांधलेली कापडी पट्टी आहे. काचेवर धुळीचा कण बसला तर प्रत्येक पानावर डाग उमटेल. यंत्र आधी नीट चालू द्यावे, मग झाकण उघडावे, ही माझी पद्धत.

"सर, तुमी लई कडक बगा. पेशंटचं तोंड न बगता औषद द्या म्हनता."

आतला दांडा तुटला असावा असा तिचा कयास. मी तो मान्य करत नाही. २०१४ च्या जून महिन्यात ते गुंडाळून ठेवले तेव्हा ते उत्तम चालत होते. शेवटचे काय टिपले ते आठवत नाही. नुमानमियाँ पुन्हा मोबाइल काढून दारात उभे आहेत.

तुझ्या आईने विचारायला सांगितले आहे, की नातीचा, झेबाचा, खोकला कमी झाला का. मी विचारत नाही; तिचा प्रश्न पोहोचवतो.

शौकत


जुन्नर,
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

अर्शिया,

तुझे पत्र मिळाले. त्याला पत्र म्हणायचे का हा प्रश्न आहे. सलाम नाही, दुआ नाही, खुशाली नाही. दोन ओळी:

"स्कॅनर उलटा करा. खाली डाव्या कोपऱ्यात कुलपाचं चित्र आहे, खिट्टी सरकवा. चिठ्ठी मामूंनी स्वतः तुमच्या हातात दिली होती."

पहिल्या ओळीबद्दल आभार. प्रवासात आतला दांडा हलू नये म्हणून असे कुलूप असते हे मी विसरलो होतो. ते मीच लावले असणार. दिवाळी झाल्यावर उज्ज्वला येईल तेव्हा पाहू.

दुसऱ्या ओळीबद्दल मला संताप आहे. तुझे मामू चार वर्षांपूर्वी अल्लाच्या घरी गेले. जो माणूस उत्तर देऊ शकत नाही त्याला साक्षीला उभे करणे, हे मी तुला शिकवले नव्हते. ते तुझ्या निकाहाला वली म्हणून, वधूचे पालक म्हणून उभे राहिले, माझ्या जागी, मी हयात असताना. तेव्हाही मी त्यांना एका शब्दाने दुखावले नाही. बोलणेच बंद केले होते, त्यामुळे दुखावण्याचा प्रश्न नव्हता.

आणि जे लोक म्हणतात, की तुझे सासरे पेठला कापूस पिंजून गाद्या भरतात आणि आम्ही पडलो कागद बनवणाऱ्या कागद्यांच्या घराण्यातले, म्हणून मी निकाहाला उभा राहिलो नाही, त्यांना सांग, की शुक्रवारी शेकडो माणसांसमोर बंधुभावावर मी वीस वर्षे बोललो आहे. माझा आक्षेप पद्धतीला होता. मला विचारले नव्हते.

तू विचारले होतेस. हे खरे आहे. दोनदा.

शौकत


जुन्नर,
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

अर्शिया,

हे पत्र तुझ्या आईने वाचलेले नाही. तिला वाचण्याची गरज उरली नाही.

काल जुम्याची नमाज झाल्यावर उज्ज्वला भावाकडून परत आली, लाडवांचा डबा घेऊन. मशिदीच्या कचेरीत नुमानमियाँ होते, मी होतो, आणि माझा डबा घेऊन आलेली तुझी आई होती. स्कॅनर उलटा केला. तू सांगितलेस तिथेच कुलपाचे चित्र होते. खिट्टी सरकवली, सुलटा केला, तारा जोडल्या. उज्ज्वला म्हणाली, "सर, आदी रिकामंच चालवून बगू. झाकन तुमच्या मर्जीनं बंदच ठिवते." दांडा सरकला. आवाज पाण्यासारखा. मी मनात अल्लाचा शुक्र अदा केला, आणि तोंडाने त्या कंपनीला उद्देशून म्हणालो, "आयुष्य संपले म्हणे!"

मग पडद्यावर वरून खाली एक कागद उमटत गेला.

वर बिस्मिल्ला. खाली पेठच्या काझींचे अक्षर. वधू अर्शिया. वर मुआज. वली म्हणून तुझ्या मामूंची सही, शेवटचे अक्षर लांब ओढलेले, ते ओढत असत तसे.

उज्ज्वलाला उर्दू येत नाही. ती आनंदाने ओरडली, "आलं की सर! लई झकास आलं! कशाचा कागद हाय ह्यो?" तुझी आई पडद्याजवळ गेली, त्या सहीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "हा माझ्या भावाचा हात." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "अर्शियाचे अब्बा, तुम्ही मला शपथेवर सांगितलं होतं." डबा तिथेच ठेवून ती घरी गेली. काल दुपारपासून माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते.

आता तुला सांगतो. इतर कोणाला सांगण्याआधी. मामूंनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी ती काचेवर ठेवली होती, कारण तिची प्रत दिल्लीच्या एका विद्वानाला पाठवून विचारायचे होते: पित्याच्या संमतीवाचून सज्ञान मुलीने केलेला हा निकाह ग्राह्य आहे का? प्रत निघाली. पत्र मी पाठवले नाही. आपल्या मजहबात त्याचे उत्तर काय, हे मला प्रश्न लिहितानाच ठाऊक होते. निकाह ग्राह्य होता. मला "नाही" हवे होते आणि ते देणारा एकही ग्रंथ माझ्या कपाटात नव्हता. मी झाकण बांधले, कुलूप लावले आणि स्कॅनर वर ठेवून दिला. पुढे कमिटीने विचारले तेव्हा म्हणालो, चिठ्ठी आली नाही.

कागद काचेवरच राहिला हे मी विसरलो. माझी खरीच समजूत होती, की ज्यांच्यावर अल्लाचे नाव आहे असे जीर्ण कागद आपण मशिदीच्या पिशवीत साठवून कुकडीच्या पाण्यात सोडतो, त्यांच्याबरोबर ती चिठ्ठी आणि तिची प्रत मी सोडली. इतकी वर्षे मी तिला नदीत समजत होतो आणि त्यात मला समाधान होते. लिहिणाऱ्यावर आणि साक्ष देणाऱ्यावर आपल्या ग्रंथाने केवढा भार टाकला आहे, हे मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवले आहे. साक्ष लपवणाऱ्याच्या काळजाला तिथे पापी म्हटले आहे, तेही.

मला खरा राग आला तो यानंतर. नुमानमियाँ दार लोटून घेत म्हणाले, "चाचा, टेन्शन नका घेऊ. नजरचुकीने राहिली असा शेरा मारू आणि नोंद करून टाकू. अकरा वर्षं झाली, कोण विचारतंय?"

मी टेबलावर हात आपटला. लाडवांचा डबा पडला. नजरचूक! माझी नजर आजही सुईत दोरा ओवते. अडतीस वर्षांत माझ्या वहीत एका काझीचे नाव चुकले नाही, एक तारीख खोडावी लागली नाही. आणि हे गृहस्थ मला म्हाताऱ्याच्या विस्मृतीची सवलत देतात! जे मी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, दिवसाच्या उजेडात केले, ते चुकून झाले म्हणायचे? ती तर खरी लबाडी झाली असती. उज्ज्वला लाडू गोळा करत म्हणाली, "सर, कुनाला वरडताय? त्यो बिचारा तुमाला वाचवतोय."

"म्हणूनच ओरडतो आहे," मी म्हणालो.

चिठ्ठीवरून नोंद करायला एक अडचण आहे. कागद काचेला चिकटला होता. सोडवताना दुसऱ्या साक्षीदाराच्या नावाची शाई उखडली; पडद्यावरच्या प्रतिमेतही तिथे नुसता डाग आहे. साक्षीदाराविना निकाह लिहिता येत नाही. तुला विचारून उत्तर यायला आठवडा जाईल. पेठ इथून दोन एसटींवर आहे.

शौकत


जुन्नर,
शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

अर्शिया बेटी,

मंगळवारी पेठला जाऊन आलो. नारायणगावी एसटी बदलली, मंचरच्या पुढे भर रस्त्यावर उतरलो. तुझ्या सासऱ्यांचे दुकान विचारावे लागले नाही. कापसाचे तंतू दारापर्यंत उडत होते. ते आत गादी शिवत बसले होते. मला पाहून सुई तशीच धरून म्हणाले, "या पावणं. जुन्नरहून पेठला याया अकरा वर्सं लागली? यष्टी पंचर झालती काय?"

मी म्हणालो, "साक्षीदाराचे नाव विचारायला आलो आहे." चिठ्ठी दाखवली.

त्यांनी ती उजेडात धरली. बराच वेळ. "कुटं व्हती ही? आमी म्हनलं, तुमी फाडली आसंल."

"बिस्मिल्ला लिहिलेला कागद मी फाडत नाही."

"व्हय राव, कागद न्हाई फाडला तुमी," ते म्हणाले. मला फार्सी येते, अरबी येते, संस्कृत सुभाषिते येतात. त्या वाक्याचा अर्थ लावायला यातले काही लागले नाही.

मग त्यांनी भरलेली नवी गादी ओढून मला बसायला दिली. "नाव सांगतो. पन आदी च्या घ्या. साक्षीदार कुटं पळून जात न्हाई, म्होरंच बसलाय. दुसरा साक्षी मीच व्हतो."

ज्यांच्या हातच्या गादीवर बसण्यास माझी ना होती, त्यांचे नाव मी त्यांच्याच दुकानात, त्यांच्याकडून अक्षर अक्षर विचारून टिपून घेतले. वडिलांचे, आजोबांचे. त्यांनी एकदाही घाई केली नाही. चहात साखर फार होती. मी दोन कप प्यालो. निघताना जे बोलायला हवे होते ते बोललो. ते त्यांचे आणि माझे. तुला ते सांगतील तर सांगोत. मी लिहिणार नाही. यात लपवाछपवी नाही.

काल जुम्यानंतर नोंद केली, कमिटीच्या पाच माणसांसमोर. वहीत नोंदी येतील त्या क्रमाने होतात. मागे जाऊन ओळ घुसडता येत नाही. म्हणून तुझा निकाह शेवटच्या पानावर, कालच्या तारखेने लिहिला. नोंद क्रमांक दोनशे सत्याण्णव. उशीर झाल्यास कारण लिहावे लागते. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले:

"चिठ्ठी जून २०१४ मध्ये पोहोचली होती. नोंदणाऱ्याने ती जाणूनबुजून दडवली व कमिटीस खोटे सांगितले. वधूवरांकडे कोणताही दोष नाही."

खाली माझी सही.

नुमानमियाँ कासावीस झाले. "चाचा, हे पुण्याला जाणार. शंभर वर्षांनी कोणीही उघडून वाचील." मी म्हणालो, वाचण्यासाठीच वही असते. ते म्हणाले, तुमच्या इतक्या वर्षांच्या कामावर डाग पडेल. पडू द्या. डागाची जागा वहीतच असली पाहिजे. तो इतकी वर्षे तुझ्या माथी होता. आणि यापुढे मी वही लिहिणार नाही, हेही तिथेच सांगितले. ज्याने एक साक्ष लपवली त्याच्या हातची पुढची ओळ कोणी का मानावी? त्यांनी आग्रह केला. मी त्यांच्यावर पुन्हा ओरडलो. हे चुकले; उद्या त्यांच्या दुकानात जाईन.

पाने टिपून झाली. तिन्ही वह्या, चारशे बारा प्रतिमा, ओळ वाकलेली नाही, अंगठा नाही. शेवटचे पान उज्ज्वलाने दोनदा टिपले. तुझ्या आईने त्याची छापील प्रत मागून घेतली. ती कुठे ठेवली ते मला सांगितलेले नाही. ती माझ्याशी बोलू लागली आहे, पण पूर्वीपेक्षा कमी, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघते, मी खरे बोलतो आहे का ते पाहायला. हा तिचा हक्क आहे.

मंगळवारी अकरा वाजता पुण्याचा माणूस येईल. तोवर मूळ पान मशिदीच्या कचेरीत आहे. हे पत्र सोमवारी तुझ्या हाती पडावे म्हणून आज कुरिअरने पाठवतो. तुम्ही तिघे येणार असाल तर मी स्थानकावर उभा राहीन. येणार नसाल तर प्रतिमा पाठवतो. मात्र ती माझ्या हातून घ्यायची की उज्ज्वलाच्या, ते तू ठरव.

एक रकाना राहिला. वलीच्या जागी काय लिहावे यावरही कमिटीत बोलणे निघाले. एक बुजुर्ग म्हणाले, "शौकतभाई, आता तुम्ही राजी आहात, तर वली म्हणून तुमचंच नाव लिहा. बाप जिवंत असताना मामाचं कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. लेखणी माझ्या हातात होती.

मी तिथे तुझ्या मामूंचे नाव लिहिले, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासह. 'मरहूम' असे लावले नाही. निकाहाच्या दिवशी ते हयात होते.

हयात मीही होतो.

तुझा अब्बा,
शौकत